मागचा ॲक्सल पूर्ण उतरवावा की पुढून झुकवावा? बुश बदलण्याच्या दोन पद्धती

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच लहान गाड्यांना मागे ट्विस्ट बीम प्रकारचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आणि पीळ खाणारी एकच आडवी तुळई (बीम) असलेला ॲक्सल असतो. त्याची पुढची दोन टोके मोठ्या रबरी बुशांमधून, म्हणजे धातूच्या नळ्यांमध्ये रबर असलेल्या जोडांमधून, बॉडीला जोडलेली असतात. हे रबर चिरले किंवा धातूच्या नळीपासून सुटले की खड्ड्यात मागून ठकठक येते, वळणावर गाडीचा मागचा भाग किंचित भरकटल्यासारखा वाटतो आणि टायर एका कडेने झिजू लागतात. बुश बदलायचेच म्हटल्यावर अख्खा ॲक्सल खाली काढायचा, की तो गाडीखालीच ठेवून फक्त पुढची टोके झुकवायची, हे आधी ठरवावे लागते.

ॲक्सल पूर्ण उतरवायचा तर ब्रेकच्या होज, हँडब्रेकच्या केबल, एबीएस सेन्सरच्या वायरी, शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट आणि स्प्रिंगा हे सगळे सुटे करावे लागते. मेहनत मोठी आहे, पण बीम एकदा बाहेर आला की बुश प्रेसवर (दाबयंत्रावर) सरळ रेषेत निघतो आणि तसाच सरळ बसतो, शिवाय ज्या भोकात तो बसतो ते भोक घासून गंज साफ करता येते. दुसऱ्या पद्धतीत ॲक्सलला जॅकचा आधार देऊन मुख्य बोल्ट काढतात, ब्रेकची होज तिच्या क्लिपमधून मोकळी करतात आणि बीमचे टोक खाली ओढून बॉडी व बीम यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवतात. मग आटे असलेल्या रॉडच्या पुलरने बुश ओढून काढला जातो. ब्रेकची लाइन उघडत नाही, त्यामुळे नंतर ब्रेकमधली हवा काढण्याचे कामही उरत नाही.

माझ्या मते हा निर्णय वेळेपेक्षा गंज पाहून घ्यावा. ब्रेक पाइपचे नट गंजलेले असतील तर ते पान्याखाली गोल होतात किंवा पाइपच त्यांच्यासोबत पिळला जातो, आणि मग बुशाच्या कामातून नवे पाइप टाकण्याचे काम निघते. अशा गाडीत ब्रेकचे जोड न उघडणारी दुसरी पद्धतच शहाणपणाची. याउलट बुशाची बाहेरची धातूची नळी भोकात गंजून घट्ट बसली असेल, तर पुलरचा रॉड वाकतो किंवा त्याचे आटे जातात, आणि ती नळी करवतीने आतून चिरून काढावी लागते. गाडीखाली आडवे पडून हे काम करताना बीमलाच खाच पडण्याची भीती असते, म्हणून तिथे ॲक्सल खाली काढलेला बरा.

बुशाच्या दिशेचाही विचार हवा. बऱ्याच बुशांच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, त्यामुळे बुश एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक राहतो. म्हणून जुना बुश काढण्याआधी त्याच्या खुणेसमोर बीमवर रंगाची रेघ ओढावी. खालून वर पाहताना डावे-उजवे आणि पुढे-मागे यांचा गोंधळ सहज होतो. टेबलावरच्या बीममध्ये तो क्वचितच होतो.

ॲक्सल पुन्हा बसवताना दोन्ही बाजूंचे बोल्ट आधी हाताने आट्यांवर धरवावेत आणि ते शेवटचे आवळण्याची घाई करू नये. रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही; त्याची आतली नळी बोल्टने जखडली जाते आणि ॲक्सल वरखाली होताना रबर पिळले जाते. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते, मागची बाजू किंचित उंच दिसते आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून गाडी उचलण्याआधीच, ती सपाट जमिनीवर उभी असताना, हबच्या (चाकाच्या केंद्रभागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. पुढे जॅकने ॲक्सल तेवढ्याच अंतरावर आणावा आणि मगच टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, बोल्ट आवळणारा पाना) लावावा. स्प्रिंगा जागेवर असतील तर हे अवघड जाते, कारण ते अंतर गाठण्याआधी गाडीच स्टँडवरून उचलली जाऊ लागते, आणि ते धोक्याचे आहे. पूर्ण उतरवलेल्या ॲक्सलचा मोठा फायदा इथे मिळतो: स्प्रिंगा बाहेर असतानाच बीम हव्या त्या उंचीला धरून बोल्ट आवळावेत आणि नंतर तो खाली घेऊन स्प्रिंगा बसवाव्यात. दुसऱ्या पद्धतीत स्प्रिंगा काढल्या नसतील, तर शेवटचे आवळणे चाकांवर उभ्या गाडीखाली, पिटमध्ये किंवा रॅम्पवर करावे.

ज्या बोल्टना ठरावीक टॉर्कनंतर आणखी काही अंशांनी फिरवायचे असते, ते ताणले जातात. त्यांच्या जागी नवेच घ्यावेत. पॉलियुरेथेनच्या बुशांत आतली नळी मोकळी फिरत असल्याने उंचीची अट तितकी कडक राहत नाही, पण धक्के बॉडीत अधिक पोहोचतात आणि योग्य ग्रीस नसेल तर ते करकरतात. रोजच्या वापराच्या गाडीला मी रबरीच निवडेन.

काही जुन्या गाड्यांत ओझ्यानुसार मागच्या ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह ॲक्सलला जोडलेला असतो. त्याचा दांडा मोकळा केला असेल तर तो पुन्हा जुळवावा लागतो. चाकांचे अलाइनमेंट मात्र फक्त कामानंतर तपासण्याऐवजी आधीही एकदा मोजून घ्यावे. ट्विस्ट बीममध्ये मागच्या चाकांचे कोन बहुधा बदलता येत नाहीत, त्यामुळे माप फार चुकीचे आले तर बीम वाकल्याची शंका घ्यावी. तो खरोखरच वाकलेला निघाला तर अर्ध्यावर झुकवण्याचा पर्याय उरतच नाही.