सीओएस विकत मिळत नाही : बडोद्यातला आमचा अनुभव

इंग्लंडच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला, म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसाला, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप लागतं. एजंट लोक त्याला नुसतं ‘सीओएस’ म्हणतात. ते कुणी तुम्हाला पैसे घेऊन ‘काढून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्यासमोरून उठा. पुढचं काही ऐकू नका. सीओएस देते ती नोकरी देणारी कंपनी, तीही ब्रिटनच्या होम ऑफिसचा, म्हणजे गृहखात्याचा, परवाना असलेली, आणि त्याची फी भरायची असते कंपनीने. आम्ही या फेऱ्यात सापडलो तेव्हा ही फी २३९ पौंड होती, एप्रिल २०२५ पासून ती ५२५ पौंड झाली. आमच्याकडून त्याच सीओएससाठी सात लाख रुपये घेतले गेले, आणि ते सीओएससुद्धा खोटं निघालं.

माझा धाकटा भाऊ इथल्या कलाभवनातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेला, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात डिझाइनचं काम बघतो. हुशार आहे, कामात चोख आहे. बाहेर जायचं त्याच्या मनात बरेच दिवस होतं. एजंट मिळाला तो जाहिरातीतून नाही, ओळखीतून. बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या एका गृहस्थांच्या मुलाचं काम ‘याच माणसाने केलं’ असं कळलं होतं. तो मुलगा विद्यार्थी व्हिसावर गेला होता, नोकरीच्या व्हिसावर नव्हे, हे फार उशिरा समजलं. एजंट दांडिया बाजारात आमच्या घरी येऊन बसला, चहा घेतला, आईशी मराठीत बोलला. “काकू, दिवाळीच्या आत मुलगा तिकडे कामाला लागलेला असेल.” फोनवर भावाशी मात्र गुजरातीत, “थई जशे भाई, चिंता ना कर.”

एकूण चौदा लाख ठरले. फाइल उघडायला दीड, सीओएस हातात आल्यावर सात, उरलेले व्हिसा लागल्यावर. शेवटचा हप्ता व्हिसा लागल्यावर म्हटलं की माणसाला वाटतं, याला खात्री आहे म्हणूनच असं म्हणतोय. पण त्याचं काम पहिल्या दोन हप्त्यांतच होऊन जातं. बाबांनी एफडी मोडली, आईच्या पाटल्या आणि गोठ गोल्ड लोनला गेले. थोडे पैसे यूपीआयने घेतले, तेही त्याच्या नव्हे तर भलत्याच दोन नावांच्या खात्यांवर, आणि बाकीचे रोख. एक रक्कम त्याने आंगडियाने, म्हणजे रोख पोचवणाऱ्या खासगी कुरियरने, अहमदाबादला पाठवायला लावली. एजंटने पावती एकाचीही दिली नाही. हातात होता तो तीनशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचा नोटरी केलेला करार, आणि त्यात नोकरी हा शब्दच नाही. ‘मार्गदर्शन सेवा’, ‘परत न मिळणारी फी’ एवढंच. असा करार कुणी पुढे केला तर आधी त्यात काय लिहिलेलं नाही ते शोधा.

जून २०२४ मध्ये ऑफर लेटर आलं, जुलैत सीओएस. कंपनी बर्मिंगहॅमजवळची, मशीनिंगचं काम करणारी. परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते. भावाने ती बघितली होती. कंपनीचं नाव, गाव, ‘ए’ रेटिंग, ‘स्किल्ड वर्कर’ मार्ग, सगळं जुळत होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण “यादीत नाव बघून घ्या” एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो पुरत नाही. कंपनी खरी होती, परवानाही खरा होता. फक्त त्या कंपनीला माझ्या भावाचं नावही ठाऊक नव्हतं.

मग विलंब सुरू झाला. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला, अर्ध्या बडोद्यात पाणी शिरलं, लोकांची घरं-दुकानं बुडाली. त्याचंही एजंटने निमित्त केलं. ऑफिसात पाणी आलं, फाइल भिजली, सिस्टिम बंद आहे. त्याचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर! ज्या दिवसांत आमच्या ओळखीची माणसं गच्चीवर बसून दुधाच्या पिशवीची वाट बघत होती, त्या दिवसांचा कुणी असा उपयोग करावा, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सप्टेंबरात त्याने हेल्थ सरचार्जचे, म्हणजे व्हिसासोबत भरायच्या तिकडच्या आरोग्यसेवेच्या शुल्काचे, पैसे रोख मागितले, तेव्हा कागद मी हातात घेतले. मी हिशेबाचं काम करते, आकडे वाचायची सवय आहे. हा सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड असतो आणि अर्जदार तो ऑनलाइन अर्ज भरतानाच थेट सरकारी साइटवर भरतो. व्हिसा नाकारला गेला तर तो परत मिळतो. मधल्या माणसाला रोख द्यायचा प्रश्नच येत नाही. मग ऑफर लेटर उघडलं. वार्षिक पगार २६,५०० पौंड. ४ एप्रिल २०२४ पासून या व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली होती. जूनमध्ये २६,५०० च्या पगारावर भावाला हा व्हिसा मिळणं शक्यच नव्हतं. जुन्या नियमाच्या वेळचा कागद, त्यावर फक्त नाव आणि तारीख बदललेली.

सीओएसची पीडीएफ तर बघण्यासारखी होती. वर मुकुटाचं चित्र, खाली गोल शिक्का, निळ्या शाईची सही, कोपऱ्यात चकचकीत होलोग्रामची छबी. खरं सीओएस म्हणजे होम ऑफिसच्या सिस्टिममधली इलेक्ट्रॉनिक नोंद असते. उमेदवाराला महत्त्वाचा असतो तो तिचा क्रमांक. शिक्के, होलोग्राम यांचा तिथे काही संबंध नाही. आणि क्रमांक मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. म्हणजे ते खरं असतं तरी याच्या चालढकलीत वाया गेलं असतं.

ईमेलचा पत्ताही तपासला. कंपनीच्या वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट को डॉट यूके’, पत्र आलं होतं त्यात कंपनीच्या नावाला ‘करिअर्स’ जोडलेलं आणि शेवट ‘डॉट कॉम’. मी वेबसाइटवरच्या पत्त्यावर दोन्ही कागद पाठवून सरळ विचारलं. त्यांच्या एचआर विभागाचं उत्तर सभ्य होतं. अशी जागा निघालेलीच नाही, सही करणाऱ्या नावाचं कुणी आमच्याकडे नाही, आमच्या नावाने अशी पत्रं याआधीही आली आहेत. हे एक ईमेल पैसे देण्याआधी करता येतं. पत्ता मात्र पत्रावरचा घ्यायचा नाही, आपण शोधून काढायचा.

एजंटला विचारल्यावर तो म्हणाला, मलाच वरच्या माणसाने फसवलं, दिल्लीचा होता. पासपोर्ट त्याच्याकडेच होता, ‘सबमिशनला लागेल’ म्हणून घेतलेला. तो परत मागितला तर उरलेल्या हिशेबाची भाषा सुरू झाली. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, ती पैशांसाठी अडवून ठेवता येत नाही, हे लेखी कळवून पोलिसांत जातो म्हटल्यावर तो निमूट मिळाला.

आपल्याकडचा कायदाही ठाऊक असू द्या. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ईमायग्रेट’ पोर्टलवर आहे. अशा एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. आमचा म्हणाला, मी रिक्रूटिंग एजंट नाही, कन्सल्टंट आहे. मग नोकरी कशी देत होतास? या प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

सध्या बडोद्यात केअर होमच्या, म्हणजे वृद्धांची-आजाऱ्यांची देखभाल करण्याच्या, नोकऱ्यांचं बोलणं अजून चालू आहे, म्हणून हेही. २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करच्या जागांसाठी परदेशातून नवी भरती बंद आहे आणि सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड झाली आहे. आज इथे बसून कुणी केअरचं सीओएस देतो म्हणत असेल तर ते खोटं आहे. ३१ डिसेंबर २०२४ पासून तर सीओएसची फी कामगाराकडून वसूल करणाऱ्या कंपनीचा परवानाच जाऊ शकतो. “कंपनीला द्यावे लागतात” हे ऐकलंत तर हे लक्षात ठेवा.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. आम्ही फोन केला तोवर दोन्ही खाती रिकामी होती. रोख दिली त्या तारखा, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, आंगडियाची चिठ्ठी, कंपनीचं ईमेल, असं सगळं क्रमाने लावून पोलिसांत तक्रार दिली, फसवणूक आणि विनानोंदणी भरती या दोन्हींची. त्यानंतर आणखी तीन घरांतली माणसं आम्हाला भेटली. एकाकडे हुबेहूब तेच पत्र, तीच सही, तोच २६,५०० चा पगार.

एजंटने निरोप पाठवला आहे, दोन लाख देतो, ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून द्या. बाबा दोन दिवस त्यावर विचार करत होते, कारण गोल्ड लोनचं व्याज दर महिन्याला जातंच आहे. मग तेच म्हणाले, लिहून द्यायचं नाही. दिलेलं नाही.