सोलारिस खेळायचंय: माळ्यावरचं अटारी, लॅपटॉप की नवं मशीन?

गेल्या दिवाळीत भाच्याने गुहागरच्या घरी माळ्यावरून एक खोकं खाली काढलं. आत अटारी २६०० हे टीव्हीला जोडून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन, दोन जॉयस्टिक आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या खेळांच्या सात कॅसेट. माझा मामा बोटीवर होता. १९८७ साली दुबईहून सुट्टीवर येताना त्याने हे सगळं आणलं, आणि त्या मे महिन्यात आमच्या माजघरात आळीतली सगळी पोरं दाटीवाटीने बसायची. भाच्याने कॅसेट एकेक उलगडल्या आणि ‘सोलारिस’वर थांबला. हे नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं. “मामा, मशीन दुरुस्त करायचं, की लॅपटॉपवर खेळूया? आणि ते नवं अटारी आलंय, ते घेतलं तर?”

नंतर हाच प्रश्न आणखी दोघातिघांकडून आला. कोकणात बोटीवर किंवा आखातात नोकरी केलेलं माणूस बहुतेक घरांत असतं, त्यामुळे अशी खोकी अजून बऱ्याच माळ्यांवर असणार. मी तिन्ही प्रकारे हा खेळ खेळलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खेळाबद्दल, कारण निवड त्यावरच ठरते. अटारी २६०० बाजारात आलं १९७७ साली. सोलारिस आला १९८६ मध्ये, म्हणजे मशीन नऊ वर्षांचं जुनं झाल्यावर, जेव्हा लोकांचं लक्ष निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गेम मशीनकडे गेलेलं होतं. म्हणून तो फारसा कुणाला माहीत नाही. लिहिला डग न्यूबॉवर यांनी. ‘स्टार रेडर्स’ हा अटारीच्या संगणकांवरचा गाजलेला अंतराळ-खेळही त्यांचाच. सोलारिस नावाचा हरवलेला ग्रह शोधायचा, एवढीच गोष्ट. पण आकाशगंगेत १६ विभाग, प्रत्येक विभागात ४८ चौकटी, आणि त्यांत झायलॉन शत्रूंचे ताफे. नकाशा उघडून पुढची चौकट निवडायची, पण नकाशा बघत असताना शत्रू थांबत नाहीत. तुम्ही विचार करत बसलात तर तेवढ्यात ते तुमच्या एखाद्या ग्रहावर पोचतात. आपला ग्रह गेला की तो अख्खा विभाग लाल होतो आणि जॉयस्टिक उलटी चालायला लागते. डावीकडे ढकलली की जहाज उजवीकडे.

सगळ्यात महत्त्वाचं इंधन. एका चौकटीतून दुसरीकडे झेप घेताना जहाजाचं चित्र फाटल्यासारखं होतं, दोन बाजूंना सरकतं. जॉयस्टिकने ते सांभाळून एकत्र ठेवलं तर झेपेला इंधन कमी लागतं, सुटलं तर टाकी भराभर खाली येते. इंधन भरायला आपल्या ग्रहावर उतरावं लागतं, आणि ते संपलं की एक जहाज गेलं. ही फाटलेल्या चित्राची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिन्ही पर्यायांत खरा फरक तिथेच पडतो.

मामाचं मशीन आणि डबा टीव्ही

या मशीनची मेमरी १२८ बाइट आहे. आजच्या संगणकात एक मराठी अक्षरचिन्ह साधारण ३ बाइट घेतं, म्हणजे त्यात जेमतेम ४२ चिन्हं मावतील. मेमरी एवढीशी असल्यामुळे पडद्यावरचं चित्र मशीन साठवूच शकत नाही. पिक्चर ट्यूबमधला किरण पडद्यावर वरून खाली एकेक ओळ काढत असतो, आणि प्रोग्राम त्याच्या पुढे पुढे धावत ‘आता या ओळीत हे काढ’ असं सांगत राहतो. एका ओळीला प्रोसेसरचे फक्त ७६ ठोके मिळतात. तेवढ्यात काय दाखवायचं ते ठरवायचं, की किरण पुढच्या ओळीवर. न्यूबॉवर यांनी या अडचणीत जहाजं, ग्रहाची धावती जमीन, नकाशा असं सगळं १६ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवलं. मला ही मोठी कारागिरी वाटते, आणि ती डबा टीव्हीवरच पूर्ण दिसते. कारण तिथे चित्र मशीन आणि टीव्ही मिळून त्या क्षणी काढत असतात. मधे थांबा नाही. तुम्ही जॉयस्टिक हलवली की फाटलेलं जहाज लगेच जुळतं. कितीतरी वस्तू मशीन एका फ्रेमआड, म्हणजे एक चित्र सोडून एक, दाखवतं. डबा टीव्हीच्या पडद्याची चमक किंचित मागे रेंगाळते म्हणून त्या सलग वाटतात. सपाट पडद्यावर त्याच वस्तू लुकलुकतात.

आता कोकणातली अडचण. आमच्या घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर जुन्या पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट थर चढवला होता. सातपैकी दोनच कॅसेट पहिल्या झटक्यात लागल्या, सोलारिस लागली नाही. लहानपणी आम्ही कॅसेट फुंकून घालायचो. ते करू नका. फुंकरीबरोबर ओल आत जाते आणि गंज वाढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पट्ट्या पुसा, फारच काळ्या पडल्या असतील तर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग पुन्हा अल्कोहोल. सोलारिस तिसऱ्या पुसण्यानंतर लागली. पडद्यावर ते निळं जहाज दिसलं तेव्हा मी भाच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो.

मशीन स्वतः दणकट असतं. वीज अडॅप्टरमधून ९ व्होल्टने येते आणि आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर तिचे ५ व्होल्ट करतो. तो बिघडला तर कुठल्याही टीव्ही मेकॅनिककडे बदलून मिळतो. आमचं गेलं नव्हतं, जॉयस्टिक तेवढी एका बाजूला वळत नव्हती. ती चार स्क्रूंत उघडते, आतल्या धातूच्या चकत्यांवर चढलेली काळपट पुटं पुसली की बस. फक्त तुमचं मशीन अमेरिकेतून आलेलं असेल तर त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे, आपल्या प्लगात घातला की जळणार. शिवाय ते सेकंदाला ६० चित्रं काढतं, आणि आपला जुना टीव्ही ५० वर बेतलेला. चित्र स्थिर होणार नाही, नाहीतर काळं-पांढरं येईल. आखातातून आलेली मशीन आपल्याच पद्धतीची असतात, त्यांची तार सरळ अँटेनाच्या भोकात जाते.

खरी चिंता टीव्हीची आहे. ओल्या हवेत डबा टीव्हीच्या उच्च दाबाच्या भागातून चटचट आवाज येतो, कधी ठिणगीही पडते. आत पाली जातात, त्यांची अंडी असतात. तो स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये विजेचा जीवघेणा दाब साठून राहतो. जुना, हाताने काम केलेला मेकॅनिक गाठा, आणि तो आहे तोवरच गाठा. चिपळूणला २०२१ च्या जुलैच्या पुरात बाजारपेठेतल्या घरांमधलं सामान पाण्याखाली गेलं. त्या भागात कुणाचा चालू डबा टीव्ही वाचला असेल तर तो विकायच्या आधी दहादा विचार करा.

आणि हो, नव्वदच्या दशकात सामुराई, मीडिया या नावांनी आलेल्या टीव्ही गेमच्या कॅसेट यात चालत नाहीत. ते निन्टेंडोच्या जातीचे खेळ, त्यांचा साचाच वेगळा.

लॅपटॉपवर एमुलेटर

एमुलेटर म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. स्टेला नावाचं एमुलेटर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मोबाइलवर हवं तर रेट्रोआर्च नावाच्या ॲपमध्ये त्याचाच अवतार मिळतो. खेळ आहे तसा उभा राहतो, त्यात खोट काढायला जागा नाही. लुकलुक कमी करायला फॉस्फर नावाची सोय आहे, ती आधी चालू करा. सोलारिस तिच्याशिवाय डोळ्यांना त्रास देतो.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे डाव साठवता येतो, मागेही नेता येतो. मूळ मशीनवर सोलारिसमध्ये काहीच साठत नाही. लाइट गेली की अडीच तासांची आकाशगंगा गेली. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तिथे लॅपटॉपची बॅटरी कामाची ठरते. शिवाय हा खेळ शिकायला अवघड आहे. कुठल्या विभागातून वर्महोल कुठे नेतो, शत्रूच्या ग्रहावर अडकलेले सैनिक कसे सोडवायचे, चिंचोळ्या बोळांमधून चावी कशी न्यायची, हे सगळं शिकताना तीस-चाळीस वेळा मराल. दरवेळी पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली तर आजच्या मुलांचा उत्साह टिकत नाही. भाच्याने लॅपटॉपवर आठवडाभर सराव केला, वहीत विभागांचा नकाशा काढला, आणि मगच खऱ्या मशीनसमोर बसला. मला हा क्रम एकदम पटला.

तोटा हाताला कळतो. कीबोर्डवर बोटं टकटक करून फाटलेलं जहाज जुळत नाही, कारण बटण एकतर दाबलेलं असतं किंवा नसतं, मनगटाचा अंदाज त्यात येत नाही. जॉयस्टिकमध्येही आत चकत्याच असतात हे खरं, पण तिची दांडी हाताला सांगते की आपण किती ढकललं. जुनी जॉयस्टिक यूएसबीला जोडायचे अडॅप्टर मिळतात. लॅपटॉपवरच खेळायचं पक्कं असेल तर खर्च तिथे करा.

नवं अटारी २६००+

हे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. दिसायला जुन्यासारखंच, लाकडी पट्टीसकट, आकाराने थोडं लहान. जुन्या कॅसेट यात चालतात, टीव्हीला एचडीएमआयने जोडतं, वीज यूएसबी-सीने, मोबाइलच्या चार्जरवर. पुण्यातल्या मित्राकडून महिनाभर आणलं होतं. आपली सोलारिस त्यात घालून पाहिली, चालली. पण एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत हवी. हे मशीन कॅसेट चालवत नाही, कॅसेटमधला प्रोग्राम वाचून आत घेतं आणि मग स्टेलावरच चालवतं. म्हणजे आत लॅपटॉपवालाच पर्याय आहे, फक्त बाहेरून जुन्या मशीनचं खोकं. कळकलेली कॅसेट तिथेही पुसावीच लागते, उलट हे मशीन मळक्या कॅसेटला जास्त कुरकुरतं असा माझा अनुभव.

आणि उशीर. सपाट टीव्ही चित्र आधी पूर्ण घेतो, त्यावर स्वतःची प्रक्रिया करतो, मग दाखवतो. ६० चित्रांच्या हिशेबात एक चित्र म्हणजे १७ मिलिसेकंदांच्या आतबाहेर. असे तीन-चार मागे पडले की झेपेच्या वेळी तुम्ही जहाज जुळवता तेव्हा ते आधीच दुसरीकडे सरकलेलं असतं. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर चालू करा, बराच फरक पडतो, पण डबा टीव्हीसारखं होत नाही. मित्राकडच्या टीव्हीवर माझं इंधन सतत आधी संपायचं. दोन दिवस मी स्वतःच्या वयाला दोष देत होतो, मग गेम मोड सापडला.

घरात जुन्या कॅसेट आहेत पण मशीन नाही, डबा टीव्ही नाही, आणि मुलांना कॅसेट हातात धरून, खाचेत दाबून खेळायला द्यायचं आहे, अशांनी हे घ्यावं. ती कॅसेट दाबण्यातली मजा खरी आहे, तिला कमी लेखत नाही. मामाचं मशीन चालू होत असेल तर मात्र यावर पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत.

भाच्याला मी शेवटी असं सांगितलं की ऋतूप्रमाणे खेळ. पावसाळ्यात लॅपटॉप, नोव्हेंबर ते मे मामाचं मशीन. हवा कोरडी झाली की टीव्ही आधी नुसता तासभर लावून ठेवायचा, म्हणजे आतली ओल निघते, आणि मगच मशीन जोडायचं. अडॅप्टरची पिन आधी मशीनमध्ये, त्यानंतर भिंतीवरचं बटण. कॅसेट बदलताना मशीन बंदच.

आणि मे संपायच्या आत सगळं आवरायचं. कॅसेट पुसून कोरड्या करायच्या, वर्तमानपत्रात अजिबात गुंडाळायच्या नाहीत, कागद ओल धरतो. कुरडया-पापडांचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा असतो तसा एक रिकामा घ्यायचा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि कॅसेट उभ्या ठेवायच्या. मशीन कपाटात, वरच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब. आईने यंदा स्वतःहून डबा काढून दिला. त्यावर भाच्याने मार्करने ‘सोलारिस: उघडू नये, दसऱ्यानंतर’ असं लिहिलंय, आणि वहीतला नकाशा झाकणाच्या आतून चिकटवलाय. सोळापैकी अकरा विभाग भरलेत.