क्यूड स्पीच वर्षभर वापरल्यानंतर: एएसएलच्या जोडीने आलेला अनुभव

आम्ही अमेरिकेत मेरीलँडला राहतो. मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्यासाठी कानात शस्त्रक्रियेने बसवतात ते यंत्र, झालेलं आहे. गेलं साधारण वर्षभर आम्ही घरी क्यूड स्पीच वापरतोय आणि त्याच सुमारास एएसएल, म्हणजे अमेरिकन साईन लँग्वेजचा वर्गही सुरू केला. ओळखीतले मराठी आईबाबा विचारतात, ‘दोन्हींतलं काय घेऊ?’ म्हणून सविस्तर लिहितेय.

क्यूड स्पीच ही वेगळी भाषा नाही, हे आधी लक्षात घ्या. बोललेली भाषा डोळ्यांना पूर्ण दिसावी म्हणून केलेली ती सोय आहे. नुसत्या ओठांवरून बोलणं ओळखणं फार अवघड, कारण प, ब, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात आणि क, ग तर दिसतच नाहीत. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात ऑरिन कॉर्नेट यांनी १९६६ साली यावर मार्ग काढला. कर्णबधिर विद्यार्थी वाचनात मागे का पडतात, या प्रश्नाने त्यांना छळलं होतं. त्यांनी व्यंजनांसाठी हाताचे आठ आकार आणि स्वरांसाठी चार जागा ठरवल्या: ओठांची कड, हनुवटी, गळा आणि चेहऱ्याच्या बाजूला जरा लांब. नियम एकच, पण फार हुशारीचा: ओठांवर सारखे दिसणारे आवाज एका आकारात ठेवायचे नाहीत.

उदाहरण देते. ‘मॅट’ म्हणताना पाची बोटं उघडी ठेवून हात गळ्याशी न्यायचा आणि शेवटच्या ‘ट’साठी तोच हात बाजूला आणायचा. ‘बॅट’ला अंगठा आत दुमडून चार बोटं गळ्याशी. ‘पॅट’ला नुसती तर्जनी. ओठ तिन्ही वेळा तेच, हात मात्र वेगळा, त्यामुळे मुलाला अंदाज बांधावा लागत नाही. हात एकटा काही सांगत नाही, ओठ एकटे अर्धंच सांगतात. दोन्ही एकत्र पाहिले की शब्द पुरा होतो.

शनिवार-रविवारच्या वर्गात सगळे आकार पाठ होतात, हे खरं आहे. पण बोलण्याच्या वेगाने हात चालायला आम्हाला कित्येक महिने लागले. सुरुवातीला मी इतकी सावकाश बोलायचे की पोराचं लक्ष उडायचं. गाडी रुळावर आली ती रोज रात्री तीच ती गोष्टीची पुस्तकं वाचल्यामुळे. एकच मजकूर पुन्हा पुन्हा क्यू केला, म्हणजे बोलताना हाताने दाखवला, की हात आपोआप वळायला लागतो. नवीन शिकणाऱ्यांनी शब्दांच्या याद्या घोकू नयेत, पुस्तकं वाचावीत.

आपल्या लोकांना एक अडचण हमखास येते. क्यू उच्चाराप्रमाणे करायचा असतो, स्पेलिंगप्रमाणे नाही. आपण इंग्रजीतले दोन्ही ‘व’ एकच म्हणतो. इथे ‘जाकीट’ अर्थाच्या वेस्टला तर्जनी आणि मधलं बोट जोडून, तर ‘पश्चिम’ अर्थाच्या वेस्टला अंगठा आणि तर्जनी काटकोनात. म्हणजे बोलण्याआधी ठरवावंच लागतं. ‘डे’ आपण सरळ ‘ए’ लावून संपवतो, अमेरिकन माणसाचा स्वर घसरतो, म्हणून हातही हनुवटीवरून गळ्याकडे घसरतो. पहिले काही आठवडे मला आणि नवऱ्याला आमचेच उच्चार नव्याने ऐकावे लागले.

फायदा कुठे दिसला? शब्दांच्या शेपटांत. ‘वॉक’ आणि ‘वॉक्ड’, ‘कॅट’ आणि ‘कॅट्स’. इम्प्लांट असूनही गोंगाटात हे बारीक आवाज निसटतात. हात दिसायला लागल्यावर त्याच्या बोलण्यात ते स्वतःहून यायला लागले, यमकं जुळवायलाही तो लागला. ब्रसेल्सच्या जॅकलिन लेबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत हेच आढळलं आहे: लहानपणापासून घरी क्यूड स्पीच पाहिलेली मुलं यमक आणि स्पेलिंगमध्ये ऐकणाऱ्या मुलांच्या जवळ पोचतात. यातला ‘घरी’ हा शब्द महत्त्वाचा. नुसत्या शाळेच्या तासांवर भागत नाही.

आता गैरसोयी. एक हात सतत अडकतो. पोळ्या लाटताना, पिशव्या उचलताना, गाडी चालवताना क्यू करता येत नाही. मुलाने तोंडाकडेच बघायला हवं, तेही जवळून. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे बाहेर कोणालाच हे येत नाही. बागेत, वाढदिवसाला, दुकानात त्याच्याशी क्यू करणारे फक्त आम्ही दोघं.

एएसएलचा अनुभव याच्या उलट आहे. शिकायला ती कितीतरी अवघड, कारण ती पूर्ण वेगळी भाषा आहे, इंग्रजीचं हातांनी केलेलं भाषांतर नव्हे. ‘जेवलास का?’ विचारताना भुवया वर जातात, ‘कुठे?’ ‘का?’ विचारताना खाली येतात. भुवया नीट नसतील तर प्रश्न प्रश्न राहत नाही. विल्यम स्टोकी यांनी १९६० साली तिची रचना मांडून ती खरीखुरी भाषा असल्याचं दाखवलं, तेही याच गॅलॉडेटमध्ये. वर्षभरानंतर माझं एएसएल लहान मुलाइतकंच आहे. मोठी गोष्ट मला त्यात अजून सांगता येत नाही, क्यू करून मात्र मी मनात येईल ते सगळं सांगू शकते. कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांचे आईबाबा ऐकणारे असतात, आणि आमच्यासारख्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. मूल लहान असतानाची वर्षं आपली भाषा शिकून होईपर्यंत थांबत नाहीत.

पण आंघोळीच्या वेळी प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा कानाबाहेरचा भाग, काढलेला असतो, माझे दोन्ही हात साबणाने भरलेले, पोर पाण्यात उड्या मारतंय. तिथे क्यू कोण पाहतंय! एक खूण पुरते. बागेच्या दुसऱ्या टोकाहूनही पुरते. आणि आमच्या वर्गातल्या कर्णबधिर शिक्षिका जेव्हा त्याच्याशी बोलतात, तेव्हा तो ज्या मोकळेपणाने, अंगभर बोलतो, ते मी घरी त्याला देऊ शकत नाही. तिथे त्याच्याशी कोणी जुळवून घेत नसतं, तो त्यांच्यातलाच एक असतो.

त्या शिक्षिकांना क्यूड स्पीचबद्दल फारसं प्रेम नाही, आणि मला त्यांचं म्हणणं समजतं. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून साईन लँग्वेज हद्दपार करण्याचा ठराव केला, त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात बांधले गेले. बोलण्यावर भर देणारं काहीही आलं की त्या समाजाला ते आठवणारच. उलट बाजूनेही त्रास झाला. एका ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, आम्हाला सांगितलं होतं की खुणा शिकवाल तर हा बोलायचा नाही. आमच्या घरात तसं अजिबात घडलं नाही. खुणा वाढल्या, बोलणंही वाढलं. असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका.

मराठीचं काय, हे सगळेच विचारतात. आजीशी व्हिडिओ कॉलवर तो मराठीत बोलतो, मी शेजारी बसून क्यू करायचा प्रयत्न करते. इंग्रजीचा तक्ता इथे अपुरा पडतो. त थ द ध न, ट ठ ड ढ ण, ल ळ हे बारा आवाज ओठांवर जवळजवळ सारखे, आणि आकार तर आठच. मूळ नियम पाळायचा तर ह-काराच्या आवाजांसाठी मनगटाची एखादी हालचाल वगैरे जोडावी लागेल. मी घरापुरतं तसं केलंय, ‘खा’ आणि ‘का’ त्याला वेगळे कळतात. पण हे काम मराठी ध्वनिशास्त्र जाणणाऱ्यांनी आणि कर्णबधिरांच्या शिक्षकांनी एकत्र बसून करायला हवं, माझ्यासारख्या आईने अंदाजाने नाही.

माझं मत स्पष्ट आहे. घरची भाषा पोचवायला क्यूड स्पीच, आणि मुलाला माणसं मिळावीत म्हणून साईन लँग्वेज. शक्य असेल तर दोन्ही, आणि साईनचा वर्ग कर्णबधिर शिक्षकांकडेच लावा. महाराष्ट्रात असाल तर सुरुवात इंडियन साईन लँग्वेजपासून करा, कारण तिथे मुलाला तीच बोलणारी माणसं भेटतील. दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या सरकारी संस्थेचा १० हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश यूट्यूबवर फुकट आहे. रोज जेवणाच्या ताटावरचे चार शब्द उचला आणि त्याच जेवणात वापरा.