चरित्र अभिनेत्याचा माग आणि बीबीसीचा प्रोग्रॅम इंडेक्स

ब्रिटिश टीव्हीवरच्या नायकाची कामं शोधायला खास साधन लागत नाही. पंचाईत होते ती चरित्र अभिनेत्याची. डॉक्टर, न्यायाधीश, सरकारी अधिकारी, निवृत्त मेजर अशा भूमिकांत हा माणूस चाळीस-पन्नास वर्षं दिसत राहतो. चेहरा पाहिल्याबरोबर ओळखू येतो, नाव मात्र जिभेवर येत नाही, आणि कामं दहा ठिकाणी विखुरलेली असतात. अशा शोधात बीबीसीचा प्रोग्रॅम इंडेक्स कितपत उपयोगी पडतो ते पाहायचं तर जेफ्री पामर (१९२७–२०२०) हा चांगला नमुना आहे. ओघळलेले गाल, खाली वळलेले ओठ आणि सगळ्या जगाला कंटाळल्यासारखा आवाज. कारकीर्द १९५०च्या दशकापासून एकविसाव्या शतकापर्यंत पसरलेली. आणि इंडेक्स जिथे जिथे अडखळतो, ती जवळजवळ सगळी वळणं या एका कारकिर्दीत सापडतात.

आधी ही सेवा काय आहे ते. पूर्वी तिचं नाव 'जीनोम' होतं. 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाच्या १९२३ ते २००९ पर्यंतच्या अंकांतली कार्यक्रमपत्रकं स्कॅन करून, यंत्राने वाचून घेऊन ती २०१४मध्ये सर्वांसाठी खुली केली. नंतरच्या वर्षांच्या नोंदी बीबीसीच्या स्वतःच्या माहितीतून जोडल्या गेल्या. वापरायला पैसे पडत नाहीत. मात्र इथे पाहायला थोडं आणि वाचायला भरपूर, हे आधीच लक्षात घ्यावं. बहुतेक नोंदींत तारीख, वेळ, वाहिनी, दोन-चार ओळींची ओळख आणि कलाकारांची यादी एवढंच असतं. कार्यक्रम प्रत्यक्ष पाहता येईल अशा नोंदी मोजक्याच.

शोध सुरू करताना पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकावं. तसं न केल्यास कुठला तरी जेफ्री आणि दुसराच कुणी पामर एकाच पानावर असला की तीही नोंद पुढ्यात येते. मग टीव्ही आणि रेडिओ वेगळे करावेत, निकाल तारखेप्रमाणे लावावेत आणि एका वेळी पाच-पाच वर्षांचा तुकडा घ्यावा. सगळी कारकीर्द एकदम उघडली तर पुनःप्रसारणांच्या गर्दीत पहिली प्रसारणं हरवतात. शेजारी तक्ता उघडा ठेवावा आणि त्यात तारीख, वाहिनी, कार्यक्रम, भाग, भूमिका, लेखक, निर्माता असे रकाने करावेत. 'पहिलं की पुन्हा' हा एक रकाना तर हवाच. तो नसला की सहा भागांची मालिका बघता बघता अठरा भागांची होते. बीबीसी टूवरची विनोदी मालिका चालली की ती पुढे बीबीसी वनवर दाखवण्याची पद्धत होती, आणि पुनःप्रसारणाची खूण छापील मजकुरात कधी असते, कधी नसते. पामर ज्यात दंतवैद्य बेन पार्किन्सन होता ती 'बटरफ्लाइज' (१९७८–८३) बीबीसी टूची. तिच्या नोंदी मोजताना हे भान सुटू देऊ नये.

नावाच्या शोधात दुसरा खड्डा नामसाधर्म्याचा. १९८९ ते १९९० या काळात न्यूझीलंडच्या पंतप्रधानांचं नावही जेफ्री पामर होतं. २ नोव्हेंबर १९८९ रोजी आपला पामर 'ब्लॅकॲडर गोज फोर्थ' या पहिल्या महायुद्धावरच्या विनोदी मालिकेच्या शेवटच्या भागात फील्ड मार्शल हेग बनून पटावरचे खेळण्यातले सैनिक केरभरणीत भरून फेकून देत होता, त्याच महिन्यांत दुसरा पामर खरोखरीचा देश चालवत होता. म्हणून बातम्या किंवा चालू घडामोडींच्या कार्यक्रमात नाव सापडलं तर नोंद वाचल्याशिवाय तक्त्यात घेऊ नये. इंडेक्सला माणसं कळत नाहीत, फक्त अक्षरं कळतात. प्रत्येक व्यक्तीला वेगळी ओळख देण्याची सोय असती तर हे काम निम्म्यावर आलं असतं. या सेवेतली ही मोठीच उणीव आहे.

अक्षरंही नेहमी बरोबर वाचली जातात असं नाही. 'रेडिओ टाइम्स'मध्ये कलाकारांची यादी बारीक टाइपात, अरुंद रकान्यात छापत. भूमिकेचं नाव आणि नटाचं नाव यांच्यामध्ये अनेकदा ठिपक्यांची रांग असे. यंत्र त्या ठिपक्यांचं काहीबाही करतं, ओळी एकमेकींत घुसतात आणि एकाची भूमिका दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसते. पामरच्या बाबतीत घात करतो तो इंग्रजी एम. शाई पसरली किंवा उडाली की एमचा आर आणि एन होतो, आणि अचूक नावाच्या शोधातून ती नोंद निसटते. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. नावाने न सापडलेलं काम कार्यक्रमाच्या शीर्षकाने आणि तारखेने शोधायचं, मग आख्खी यादी डोळ्यांनी वाचायची. लेखकाच्या किंवा निर्मात्याच्या नावाने शोधलं तरी बरंच हाती लागतं, कारण ही नावं ठळक छापलेली असत आणि यंत्राला नीट वाचता येत.

चरित्र अभिनेत्याला यापेक्षाही जास्त नडते ती जागेची टंचाई. साप्ताहिकाच्या पानावर अनेकदा पहिली काहीच नावं मावत, बाकीची जात. १९६६च्या 'कॅथी कम होम' या टीव्ही नाटकात पामर मालमत्ता दलाल आहे. भूमिका इतकी छोटी की अशी नावं छापील यादीत असतीलच याची खात्री धरता येत नाही. त्यामुळे इंडेक्समध्ये नाव नाही म्हणून काम केलं नाही, असं कधीही म्हणू नये. उलट मोठी गोष्ट अनेक भागांत चालली तर इंडेक्स अगदी नेमकं काम देतो. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेतली सिल्युरियन नावाच्या प्राण्यांची कथा ३१ जानेवारी ते १४ मार्च १९७० अशी सात आठवडे चालली. त्यात पामरने साथीचा रोग अंगावर घेऊन लंडनला पोहोचणारा उच्चपदस्थ अधिकारी मास्टर्स केला. प्रत्येक भागाची नोंद वेगळी असल्यामुळे तो मधल्याच काही भागांत आहे हे भागवार तपासता येतं. बाकीच्या काही याद्यांमध्ये सातही भागांवर एकच नाव चिकटवून मोकळं होतात.

पाहुण्या भूमिकांसाठी तर याहून चांगलं साधन नाही. 'फॉल्टी टॉवर्स' या हॉटेलवरच्या विनोदी मालिकेत मेलेल्या पाहुण्याच्या गोंधळात सॉसेजसाठी ताटकळणारा डॉक्टर प्राइस १२ मार्च १९७९ला बीबीसी टूवर दिसला. वर्ष आठवत असतं, पण तारीख, वार, वाहिनी आणि आजूबाजूला काय लागलं होतं हे इथेच कळतं. त्या संध्याकाळचं पूर्ण पत्रक उघडून पाहावं. नटाचं काम त्या वेळी कुठल्या कार्यक्रमांच्या मध्ये बसवलं होतं, ते कोरड्या यादीत कधीच दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची सावधगिरी. इंडेक्स म्हणजे जे छापलं त्याची नोंद, जे दाखवलं त्याची नव्हे. अंक आधी छापून तयार असे, आणि ऐन वेळी झालेला बदल त्यात येणं शक्यच नव्हतं. २० एप्रिल १९६४ हा बीबीसी टूचा उद्घाटनाचा दिवस. त्या संध्याकाळी बॅटरसी वीजकेंद्रातल्या आगीमुळे पश्चिम लंडनची वीज गेली आणि उद्घाटनाचे कार्यक्रम दुसऱ्या दिवशी गेले. छापील पत्रकात मात्र ते २० तारखेलाच राहिले. संप, निवडणुका, लांबलेले सामने यांनीही अशीच उलथापालथ होई. 'फॉल्टी टॉवर्स'च्या त्याच मालिकेचा शेवटचा भाग संपामुळे लांबून ऑक्टोबर १९७९मध्ये दाखवला गेला. शिवाय साप्ताहिकाच्या प्रादेशिक आवृत्त्या होत्या आणि स्कॅन झाली ती मुख्यतः लंडनची. स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये त्या वेळेला दुसरंच काही लागलं असेल, तर ते इथे बहुधा दिसणार नाही. तारखेवर वाद अडला असेल तर रेडिंगजवळ केव्हरशम इथल्या बीबीसीच्या लिखित अभिलेखागारात 'प्रोग्रॅम ॲज ब्रॉडकास्ट' नावाचे कागद आहेत. प्रत्यक्षात काय, किती वाजता, किती वेळ गेलं ते त्यात असतं. तिथे संशोधनाचं काम असल्यास आधी वेळ ठरवून जावं लागतं. कलाकारांच्या कराराच्या फायलीही तिथेच.

जीनोमच्या दिवसांत वाचकांना दुरुस्ती सुचवायची सोय होती, पण नियम छापील पानाशी जुळवण्याचा होता. छापणाऱ्याचीच चूक असेल तर ती तशीच राहते. ग्रंथपालाच्या नजरेने हे बरोबर आहे. घाईने कारकीर्द जुळवणाऱ्याला मात्र ते गोंधळात टाकतं.

बीबीसीच्या बाहेर पाऊल टाकलं की इंडेक्स गप्प. १ मार्च १९९१पर्यंत 'रेडिओ टाइम्स'ला फक्त बीबीसीचं पत्रक छापता येई आणि आयटीव्ही या जाहिरातींवर चालणाऱ्या खासगी वाहिनीचं 'टीव्ही टाइम्स'मध्ये येई. त्यानंतर साप्ताहिकात सगळ्या वाहिन्या आल्या, तरी इंडेक्समध्ये बीबीसीच राहिली. पामरच्या बाबतीत याने काय काय गळतं? सुरुवातीचं 'द आर्मी गेम' आयटीव्हीच्या ग्रॅनाडा कंपनीचं. 'द ॲव्हेंजर्स'मधली कामं आयटीव्हीची. 'हॉट मेटल' (१९८६–८८) आयटीव्हीच्याच लंडन वीकेंड कंपनीचं. आणि सगळ्यांत खटकणारी जागा 'फेअरली सीक्रेट आर्मी' (१९८४–८६). 'द फॉल अँड राइज ऑफ रेजिनल्ड पेरिन'मध्ये (१९७६–७९) पामरने नायक रेगीचा (रेजिनल्डचा) मेव्हणा जिमी केला होता, खासगी सैन्याची स्वप्नं पाहणारा. लेखक डेव्हिड नॉब्सने पुढे जवळजवळ तोच माणूस हॅरी ट्रस्कॉट या नावाने चॅनल फोरवर आणला. म्हणजे एकाच व्यक्तिरेखेचा पहिला अर्धा भाग इंडेक्समध्ये, उरलेला बाहेर. केवळ या साधनावर विसंबून लेख लिहिला तर पामर सौम्य घरगुती विनोदाचा नट वाटतो. त्याची धारदार बाजू दिसतच नाही.

ही भोकं बुजवायला 'लर्निंग ऑन स्क्रीन' या संस्थेची 'टीव्ही टाइम्स'ची १९५५ ते १९८५ची सूची घ्यावी. त्यापुढच्या वर्षांसाठी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा संग्रहशोध पाहावा. लोकांनी भरलेल्या ऑनलाइन याद्या शेवटी उघडाव्यात, कारण एकाने केलेली चूक दुसरा उचलतो आणि चार ठिकाणी दिसली की ती खरी वाटू लागते.

चित्रपटांचं थोडक्यात. 'क्लॉकवाइज' (१९८६), 'अ फिश कॉल्ड वाँडा' (१९८८) किंवा 'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७) यांची नावं इंडेक्समध्ये आली तर ती बीबीसीवरच्या प्रक्षेपणाची तारीख असते. ती प्रदर्शनाची तारीख समजून तक्त्यात लिहिणं ही नेहमीची चूक. रंगभूमीचं काम तर इथे शोधूच नये.

आवाजाची कामं अर्धवट सापडतात. बीबीसी टूवरच्या 'ग्रम्पी ओल्ड मेन'चं निवेदन पामरचं. अशा कामासाठी नावाऐवजी कार्यक्रमाच्या शीर्षकाने शोधलेलं बरं, कारण निवेदकाचं नाव छापतीलच असं नाही. आणि ब्रिटनमध्ये ज्या कामाने त्याचा आवाज घरोघरी पोहोचला, त्या ऑडी मोटारींच्या जाहिराती तर कुठल्याच कार्यक्रमपत्रकात नाहीत. बीबीसीवर जाहिराती नसतात आणि 'टीव्ही टाइम्स' जाहिरातीतल्या नटांची नावं छापत नसे. त्यांच्यासाठी नॉरफॉकमधल्या 'हिस्टरी ऑफ ॲडव्हर्टायझिंग ट्रस्ट'च्या संग्रहाकडे वळावं, आणि तिथे शोध नटाच्या नावाने न करता मोटारीच्या नावाने करावा.