शाबासकी की छोटासा विजय?

चौथीत मोठ्याने वाचताना मुलगी अडखळली, वर्ग हसला आणि तिने पुस्तक उघडणंच सोडलं. तेव्हा मी आधी तेच केलं, जे बहुतेक आईबाप करतात. "तू हुशार आहेस गं, तुला सगळं येतं." तिने मान खाली घातली. पटलंच नाही तिला, आणि कसं पटणार? १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'हुशार' म्हणून कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

दुसरा मार्ग संथ आहे. रोज रात्री एकच परिच्छेद, तोही आजीला वाचून दाखवायचा. अडली तर शब्द लगेच सांगायचा नाही; बोट तिथेच ठेवून थांबायचं. 'प्रतिष्ठा' हा शब्द तिने स्वतः फोडून वाचला, तेव्हा आजी म्हणाली, "तीनदा अडलीस, पण सोडलं नाहीस हो बाळा." कौतुक इथेही आहेच, पण त्याला आधार आहे.

पहिल्याला मिनिटही लागत नाही, म्हणून मोह होतो. तरी मी दुसराच निवडेन. तीन आठवड्यांनी तिने आपणहून विचारलं, "आजी, आज दोन परिच्छेद वाचू?"