जुन्या ट्रकचं डिझेल गळतंय: वायसर, नळी, टाकी की पंप? पैसे कुठे घालायचे

माझ्या भाच्याकडे टाटाची जुनी १६१३ ट्रक आहे. एरवी राजापूरकडून चिरे भरतो, हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जातो. परवा घरी आला तो वैतागूनच. "मामा, एक मेस्त्री म्हणतो पंप उतरवायलाच हवा. दुसरा म्हणतो दोन वायसर टाका आणि निघा. हंगाम तोंडावर आलाय, मी कुणाचं ऐकू?"

जुनी गाडी असलेल्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. दोघंही मेस्त्री खोटं बोलत नव्हते. गळती नेमकी कुठे आहे हे मात्र दोघांनीही पुसून पाहिलं नव्हतं.

टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. फीड पंपाच्या पुढे ते ढकललं जातं, आधी फिल्टरमधून इंजेक्शन पंपात (मेस्त्री नुसतं 'पंप' म्हणतात तो हाच) आणि तिथून इंजिनात फवारा मारणाऱ्या नोझलकडे. ढकलण्याच्या बाजूला फट पडली तर डिझेल बाहेर येतं, डोळ्यांना दिसतं. ओढण्याच्या बाजूला फट पडली तर इंजिन चालू असताना उलट हवा आत जाते, आणि खाली थेंबही दिसत नाही. सकाळी गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते, हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, मारत बसावं लागतं, चढावर दम सोडते. आमच्याकडचे एक जुने मेस्त्री म्हणायचे, "डिझेल गळता ता दिसता, पण हवा घेता ती दिसणा नाय." ही न दिसणारी गळतीच पंपाच्या माथी मारली जाते आणि चांगला पंप उगाच खोलला जातो.

म्हणून खर्चाआधी शोध. इंजिन थंड असताना सगळे जोड रॉकेलने धुवायचे, कोरडे पुसायचे आणि वरून लहान मुलांची अंगाची पावडर भुरभुरायची. मग इंजिन चालू करायचं. पांढऱ्या पावडरीवर पहिली काळपट रेघ जिथे उठते तो जोड. थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही, डिझेल नळीवरून हातभर लांब वाहत जाऊन मग टपकतं. हवेचा संशय असेल तर फीड पंपाकडे येणाऱ्या नळीच्या जागी तेवढ्यापुरता पारदर्शक पाइप लावून बुडबुडे दिसतात का बघा. नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांवर मात्र चालू इंजिनात हात फिरवायचा नाही. तिथला फवारा कातडीत शिरतो, वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा. फवारा लागलाच तर थेट दवाखाना गाठा.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त म्हणजे बँजो बोल्टचे, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वायसर, बोल्टच्या डोक्याखाली एक आणि आयलेटखाली, म्हणजे नळीच्या टोकाच्या कड्याखाली, एक. नवे मिळत असतील तर नवेच घाला. आडबाजूला अडकलात तर जुना वायसर लालभडक तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं. काजळी पॉलिश पेपरने काढली की काम झालं. याउलट टेफ्लॉन टेप गुंडाळणं किंवा वरून एम-सील थापणं, या दोन्हींत मी पैसे घालणार नाही. हा जोड आट्यांवर सील होत नाही, वायसरच्या सपाट तोंडावर होतो, म्हणून टेपचा तिथे उपयोग नाही, उलट तिचे धागे पुढे जाऊन अडकतात. आणि डिझेलने ओल्या लोखंडाला लांबी धरतच नाही.

खरा विचार करायचा तो नळीचा, आणि इथे कोकण आणि घाटावरची गाडी यांत फरक पडतो. भाच्याच्या गाडीची चेसिसवरून जाणारी लोखंडी नळी लांबून ठीक दिसत होती, रंगसुद्धा शाबूत. क्लिप सोडली तर खाली रबराच्या पट्टीत ओली माती आणि मीठ बसलेलं. नखाने खरवडलं तसा रंगाचा पापुद्रा सुटला, त्याखाली गंजाचे पदर, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक जराही जोर न लावता आत गेलं. बाकी सगळी नळी चांगली, फक्त क्लिपखालचा बोटभर भाग संपलेला. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने खारं वारं, क्लिपखालची जागा कधी वाळतच नाही.

अशा नळीला ब्रेझिंग, म्हणजे पितळेचा झाळ, मारायचं की ती बदलायची? ब्रेझिंग तासाभरात होतं, पण त्या उष्णतेने शेजारचा पातळ झालेला पत्राही जातो आणि पुढच्या क्लिपखाली तीच गोष्ट उभी राहते. मी पूर्ण नळी बदला म्हणेन. लोखंडीच घेतली तर बसवण्याआधी रंग आणि क्लिपच्या जागी ग्रीस हवं. तांब्याची नळी गंजत नाही, पण हादऱ्याने कडक होते आणि फ्लेअरच्या, म्हणजे पसरवलेल्या टोकाच्या, मुळाशी चिरते. डिझेलसाठीची नायलॉनची नळी गंजतही नाही आणि हादरेही सोसते, फक्त सायलेन्सरपासून लांब आणि कुठे घासणार नाही अशी बांधायला हवी. खारपट्टीतल्या गाडीला टाकी ते फीड पंप या टप्प्यात माझी पसंती तिला. रबरी होज लागतोच तिथे, चेसिस आणि इंजिनच्या मधल्या हलत्या जोडाला, पण डिझेलचाच घ्या. गवंड्याच्या लेव्हलचा पारदर्शक पाइप तपासणीपुरता ठीक. कायमचा ठेवला तर पिवळा पडतो, कडक होतो आणि क्लिपखाली हवा घ्यायला लागतो.

नोझलच्या जाड नळ्यांना यातलं काहीच चालत नाही. नट बेताने आवळून पाहा. जास्त आवळला तर नळीच्या टोकाचा शंकूसारखा भाग पसरतो. गळणं थांबलं नाही तर त्याच मापाची नवी नळी, आणि तुटलेले क्लॅम्प पुन्हा बसवा, कारण बहुतेकदा क्लॅम्प गेल्यानेच ती चिरलेली असते.

टाकी पट्ट्याखाली कुजते, कारण तेच. एकच टाचणीएवढं भोक आणि भोवतीचा पत्रा ठोकल्यावर टणक वाजत असेल तर झाळून घ्या. पट्ट्याखाली हातभर खवले सुटत असतील तर घाटावरच्या भंगार बाजारातून धड टाकी आणणं परवडतं, फक्त आतून टॉर्चने बघून घ्या, नाहीतर तिचा गंज तुमच्या फिल्टरमध्ये येईल. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, आत वाफ उरते आणि ठिणगीला स्फोट होतो. टाकी उतरवून, गरम पाण्याने आणि सोड्याने धुऊन, झाकण उघडं ठेवून, भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरूनच काम व्हायला हवं. गाडीवरच वेल्डिंग मारतो म्हणणाऱ्याच्या गाळ्यातून गाडी बाहेर काढा.

राहिला इंजेक्शन पंप. तो टेस्ट बेंच, म्हणजे पंप चालवून तपासायचं यंत्र, असलेल्या पंपवाल्याकडेच खोलायचा, रस्त्याकडेला नाही, कारण आत धुळीचा एक कणही महाग पडतो. पंपाकडे बघायलाच हवं अशी खूण म्हणजे डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढणं आणि ऑइलला डिझेलचा वास येणं. म्हणजे डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये उतरतंय. तेव्हा हंगाम असो की नसो, गाडी उभी करा, बेअरिंग जातील. आधी फीड पंप तपासा, पुष्कळदा दोष तिथेच निघतो. पंपाबाहेर ओ-रिंगशी, म्हणजे रबरी कड्याशी, नुसता ओलावा असेल तर घाई नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १० वर. गंधक काढताना रबर फुगवून ठेवणारे घटकही कमी होतात, त्यामुळे जुने नायट्राइल रबराचे सील आकसू शकतात. पंप खोललाच तर व्हायटॉन नावाच्या रबराचे सील मागा.

"थेंबच तर आहे" म्हणून चालवणाऱ्यांसाठी हिशोब: सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला सुमारे १८० मिली, दहा तासांत पावणेदोन लिटरच्या वर, नव्वदीच्या भावाने रोजचे दीडशेहून जास्त रुपये. आणि ते सांडतं कुठे? परशुराम घाटात, भोस्ते घाटात, वळणावर. पहिल्या सरीत त्यावरून घसरतो तो मागून येणारा दुचाकीवाला, बहुतेकदा मागे बायको आणि मधे पोर बसलेलं. मला पैशापेक्षा हे जास्त डाचतं.

भाच्याने नायलॉनची नळी टाकली, फिल्टरकडचे चार वायसर बदलले, हवा काढली. सकाळी अर्ध्या सेल्फवर गाडी उठते. पंपाच्या ओ-रिंगशी थोडा ओलावा अजून आहे. पावसात चिऱ्यांच्या खाणी बंद होतात, गाडी दारात उभीच असते. तेव्हा पंप बेंचवर जाईल, तोवर रोज सकाळी डिपस्टिक बघायची असं ठरलंय.