स्पॅनिंग ट्रीच्या नावाखाली 2,36,000 रुपये घेतले, तुम्ही तरी सावध राहा

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. ऑफिस, स्टोअर आणि शॉपफ्लोअर मिळून तीन नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणारे डबे), एक केबल उंदराने कुरतडली की अर्धं नेटवर्क बंद, म्हणून तिन्ही स्विच गोलाकार जोडून रिंग करून घ्यायचं ठरवलं, एक केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहावं. पण अशा रिंगमध्ये डेटा गोल गोल फिरून नेटवर्क ठप्प होतं, ते टाळायला स्पॅनिंग ट्री ही स्विचमधली सोय एक पोर्ट ब्लॉक करून ठेवते आणि केबल तुटली की उघडते. कोटेशन आलं: तीन नवे सिस्को मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) स्विच 1,26,000, स्पॅनिंग ट्रीचं कॉन्फिगरेशन 54,000, वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) 20,000, वर जीएसटी 36,000. ओळखीतून आलेला माणूस, बोलायला गोड, सगळे पैसे दिले.

हँडओव्हरच्या दिवशीच कळायला हवं होतं, हे आठवलं की अजून डोकं तापतं. रिंगच्या तिसऱ्या केबलच्या पोर्टचा लाइटच लागत नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला "साहेब, ब्लॉक पोर्ट आहे, त्याचा लाइट बंदच असतो." साफ खोटं! ब्लॉक झालेल्या पोर्टची लिंक चालू असते, या स्विचवर लाइट नारिंगी दिसतो. केबल दुसऱ्या टोकाला लावलेलीच नव्हती, रॅकमागे नुसती बांधून ठेवलेली. मी म्हटलं एक केबल काढून दाखव, तर म्हणे लाइव्हवर नको, तुमचं काम थांबेल. महिनाअखेरचं डिस्पॅच चालू होतं, मी तरी काय करणार, ऐकलं. पैसे द्यायच्या आधी केबल उपटून बघाच, काम थांबलं तरी चालेल.

दोन महिन्यांनी स्टोअरच्या पोराने ती सुटी केबल बघून लावली आणि काही सेकंदांत सगळे लाइट एकदम फडफडायला लागले, ईआरपी (धंद्याचं मुख्य सॉफ्टवेअर), बिलिंग, हजेरीचं मशीन सगळं ठप्प. दीड दिवस. त्या पोराला मी नको ते बोललो, त्याची काही चूक नव्हती.

दुसरा इंजिनिअर आणला, 6,500 घेतले त्याने. स्विचवर शो स्पॅनिंग-ट्री ही कमांड मारली तर एकही इन्स्टन्स नाही, स्पॅनिंग ट्री चक्क बंद करून ठेवलेली! कारण काय, तर स्पॅनिंग ट्रीमुळे पीसीचा पोर्ट चालू व्हायला 30 सेकंद लागतात, 15 लिसनिंग आणि 15 लर्निंग, म्हणून पीसींना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) उशिरा मिळत होता. त्या पोर्टांना पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) आणि बीपीडीयू गार्ड (तिथे चुकून स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारी) लावायचं सोडून त्या पहिल्या माणसाने मूळ गोष्टच काढून टाकली, आणि बिल मात्र तिचंच लावलं. सिरीयल नंबर तपासले तर स्विचही जुने, रिफर्बिश्ड. सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. पासवर्ड आणि कॉन्फिगची फाइल स्वतःकडे ठेवा.

पोलीस स्टेशनला तीन चकरा मारल्या. "हे सिव्हिल मॅटर आहे." सायबरवाले म्हणाले ऑनलाइन पैसे गेले नाहीत, आमच्याकडे येत नाही. ग्राहक आयोगात जायचं तर वकील म्हणाला धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही कायद्याने ग्राहक नाही. स्पॅनिंग ट्री म्हणजे काय हे पोलीस स्टेशनच्या साहेबांना समजावण्यात माझा अर्धा तास गेला आणि शेवटी त्यांनी विचारलं, "पण इंटरनेट चालतंय ना आता?" मग चोरी झालेला माणूस जाणार कुठे? माल मिळाला, बिल मिळालं म्हणून फसवणूकच नाही?

रूट ब्रिज (स्पॅनिंग ट्रीमधला मुख्य स्विच) कोणता ठेवलाय आणि प्रायॉरिटी (हा आकडा सगळ्यात कमी असलेला स्विच रूट होतो) किती दिली हे तुमचं काम करणाऱ्याला तोंडावर विचारा. तिन्ही स्विचवर 32768 असेल तर त्याने हात लावलेला नाही, ती डिफॉल्ट असते, आणि मग सगळ्यात कमी मॅक अॅड्रेसवाला (कारखान्यातून आलेला स्विचचा नंबर), बहुतेक वेळा जुना स्विचच रूट होऊन बसतो. मला फसवणाऱ्याचा फोन आता बंद लागतो. नोटीस पाठवलीय, पोहोच अजून आलेली नाही.